टाकळा की कासविंदा : फूल येण्याआधी देठ तपासावा

पावसाला सुरुवात झाली की बांधावर, पडीक रानात आणि उभ्या पिकातही टाकळ्याची रोपे दाट उगवतात. मात्र त्या गर्दीतले प्रत्येक रोप टाकळ्याचेच असते असे नाही. विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात तो टाकळा, त्याच्यासारखाच दिसणारा लांब देठाच्या शेंगांचा टाकळा, रानटाकळा या नावानेही ओळखला जाणारा कासविंदा आणि केसाळ पानांची एक परदेशी जात ही सगळी एकमेकांची जवळची भावंडे असून सर्वांना पाच पाकळ्यांची पिवळी फुले येतात. त्यामुळे फुलाच्या रंगावर विसंबू नये. शिवाय फुलांची वाट पाहत बसल्यास निंदणीची वेळही हातची जाते.

खात्रीची खूण पानाच्या देठावर असते. रोपावरचे एक पूर्ण वाढलेले पान बुडापासून खुडावे, उजेडाकडे धरावे आणि देठावरून बोट फिरवावे. कासविंद्यात देठाच्या अगदी बुडाशी, खोडाला लागून, एक गडद फुगीर ग्रंथी बोटाला लागते. टाकळ्यात बुडाशी काहीही नसते. तेथे ग्रंथी वर, पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) जोड्यांच्या मधोमध, बारीक काडीसारखी उभी असते. पर्णिकांचा आकारही पाहावा. टाकळ्याच्या पानात बहुधा तीनच जोड्या असतात आणि पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असतात, तर कासविंद्यात साधारण चार ते सहा जोड्या असून प्रत्येक पर्णिका टोकदार असते. दोन्ही पाने चुरगळल्यावर उग्र वास येतो, म्हणून निव्वळ वासावरून निर्णय करू नये.

टाकळ्याच्या दोन जाती वेगळ्या करणे याहून नाजूक काम आहे. नेहमीच्या टाकळ्यात खालच्या दोन जोड्यांमध्ये ग्रंथी असतात आणि शेंगेचा देठ आखूड, जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो; दुसऱ्या जातीत बहुधा फक्त सर्वांत खालच्या जोडीत ग्रंथी असते आणि शेंगेचा देठ दीड ते अडीच सेंटिमीटर लांब असतो. पिकलेल्या बियांच्या दोन्ही बाजूंवर एक फिकट पट्टा दिसतो. नेहमीच्या टाकळ्यात तो दीड ते दोन मिलिमीटर रुंद, तर दुसऱ्या जातीत रेघेएवढाच अरुंद असतो. केसाळ जात ओळखायला मात्र श्रम पडत नाहीत, कारण तिच्या सर्वांगावर तपकिरी सोनेरी लव असते आणि शेंगा आखूड असतात. गाजरगवताला मागे सारण्यासाठी तिचे बी मुद्दाम पसरवले गेले आहे.

एवढी बारकाई कशासाठी, असे कोणी विचारील. कासविंद्याचे बी विषारी असते आणि वाळल्यानेही त्याचे विष जात नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजारामागे याच शेंगा खाण्यात येणे हे कारण असल्याचे २००७ च्या सुमारास तपासातून पुढे आले. उग्र वासामुळे जनावरे हिरवे झाड सहसा टाळतात, परंतु मळणीत सोयाबीन किंवा ज्वारीत मिसळलेले बी भरड्यातून त्यांच्या पोटात जाते. विषबाधेत स्नायू झिजतात, जनावर अडखळत चालते, लघवी गडद कॉफीच्या रंगाची होते आणि पुढे ते बसल्या जागेवरून उठू शकत नाही. अशा वेळी त्याची शुद्ध आणि भूक शाबूत दिसते, म्हणून मालक गाफील राहतो. दुसऱ्या जातीच्या टाकळ्याचे बीही जनावरांना असाच अपाय करते. कोंबड्यांनाही हे बी चालत नाही. देठाच्या बुडाशी ग्रंथी असलेल्या रोपाचा पाला कोवळा असला तरी माणसांसाठी खुडू नये.

कासविंद्याची रोपे वीतभर उंचीची असताना, जमीन ओली असेपर्यंत, सोटमुळासकट उपटावीत, कारण वरून कापल्यास बुडातून पुन्हा फुटवे येतात. शेंग धरलेली झाडे कंपोस्ट खड्ड्यात टाकू नयेत. कठीण कवचाचे बी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते आणि खतासोबत सगळ्या शेतात पसरते. फुलापूर्वी उपटलेला टाकळा आच्छादनासाठी खुशाल वापरावा; मात्र त्याच्या मुळांवर ताग किंवा धैंचा या हिरवळीच्या खतांसारख्या नत्राच्या गाठी सहसा धरत नाहीत, तेव्हा त्या हिशेबाने पिकाचे नत्रखत कमी करू नये. काढणीच्या आदल्या आठवड्यात सोयाबीनच्या तासांतून एकदा फिरून कासविंद्याची उरलेली झाडे शेंगांसह पोत्यात भरून बाहेर काढावीत. जनावरात वरील लक्षणे दिसल्यास संशयित भरडा त्याच क्षणी बंद करावा, त्यातली मूठभर बाजूला ठेवावी आणि पशुवैद्यकाला दाखवावी.