घाटावरून कोकणात राहायला येताय? आधी कॅलेंडर बघायला शिका, मासे नंतर

बँकेत बदली झालेले, झेडपी शाळेत लागलेले, एमआयडीसीत जॉब मिळालेले असे बरेच जण आपल्याकडून, म्हणजे सोलापूर-बीड-लातूरकडून, रत्नागिरीत येतात आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, खायचं काय. मी इथे बरीच वर्षं आहे, पोरं इथेच वाढली, त्यामुळे जे कळलंय ते एकदा लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, रील्समधलं कोकण डोक्यातनं काढा. ती सुरमईची भलीमोठी तुकडी, सोलकढीचा ग्लास, कोंबडीवडे, ते सगळं हॉटेलातलं आणि पाहुण्यांसाठीचं आहे. घरात कुणी रोज सुरमई खात नाही, परवडतच नाही. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, पण तोही बहुतेकांच्या ताटात सणासुदीलाच. रोजच्याला बांगडा, तारली, मांदेली, नाहीतर सुकट-भात आणि कुळथाची पिठी. रील बघून पर्यटक सुरमईच मागतात म्हणून किनाऱ्यावरच्या हॉटेलात तीच पुढे करतात, आणि मे महिन्यात चाकरमानी, म्हणजे मुंबईला नोकरीला असलेले गाववाले, आले की रेट अजून चढतात. त्यामुळे खिशाला परवडेल असं चांगलं खायचं असेल तर बांगड्यावर या, तिरफळ (इथला एक झणझणीत मसाला) घालून केलेल्या बांगड्यापुढे मला तरी सुरमई फिकी वाटते.

मासे घ्यायला मिरकरवाड्याला, म्हणजे रत्नागिरीच्या मासळी बंदरावर, गेलात तर मावशीशी घासाघीस करा पण नीट बोला. छोटी मच्छी वाट्यावर, म्हणजे ढीग लावून, मिळते, किलोवर नाही. कल्ले लालभडक पाहिजेत, डोळा वर आलेला पाहिजे, दाबलं की खड्डा राहता कामा नये. साफ करून पाहिजे असेल तर त्याचे वेगळे पैसे, त्यावरून वाद घालू नका. एकदा ओळख झाली की मावशीच सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो टाकते, "आज चांगली कोळंबी आहे, ठेवू काय?" सोशल मीडियाचा खरा फायदा मला विचाराल तर हा.

आता कॅलेंडर. इथे माणूस शाकाहारी की मांसाहारी असं विचारून भागत नाही, आज वार कोणता ते विचारावं लागतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, प्रत्येक घराचं वेगळं, एकाच घरात सासूचा सोमवार आणि सुनेचा गुरुवार असतो आणि मग उरलेल्या दिवसांत सगळे मिळून मासे खातात, बुधवार-शुक्रवार-रविवारी मार्केटमधली गर्दी बघा म्हणजे कळेल. कुणाला जेवायला बोलावताना वार बघूनच बोलवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, मासे अंडी घालतात म्हणून, आणि तसंही समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत खाडीची मच्छी, पहिल्या पावसात चढणीचे, म्हणजे ओढ्या-नदीतून प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे आणि मुख्य म्हणजे आगोटीला भरून ठेवलेलं सुकं. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यातच सोडे (सुकी कोळंबी), जवळा (बारीक सुकट), बोंबील, आमसुलं, कांदे, मिरच्या घेऊन ठेवायच्या. हे जरूर करा, कारण भाजीचे ट्रक आंबा घाटातून येतात आणि दरड कोसळून घाट बंद झाला की टोमॅटोसुद्धा हसतो आपल्याकडे बघून.

श्रावणात बऱ्याच घरांत मच्छी पूर्ण बंद, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. मग गणपती. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. गणपती असेपर्यंत सगळे शाकाहारी असं आपण धरून चालतो, पण बऱ्याच बहुजन घरांत गौरी आली की तिला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण, कोंबडी, कुठे खेकडे, काही घरांत तेव्हा गणपतीसमोर पडदा ओढतात. त्यांची पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे ती. याचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात आणि खाली बाहेरचे लोक धर्म शिकवायला येतात. तुम्ही त्यात पडू नका, आणि शेजाऱ्याच्या नैवेद्याचा व्हिडिओ न विचारता तर अजिबात काढू नका.

भाड्याने घर बघताना आधीच विचारा, घरात मच्छी चालेल का. काही आळ्यांमध्ये चालत नाही, आणि ते तोंडावर सांगत नाहीत, नंतर वास आला की कुरबूर सुरू होते. उलट शेजार कोकणी मुसलमानांचा असेल तर ईदला शीरखुर्मा आणि जेवणाचा डबा येणारच, तुम्ही नॉनव्हेज खात नसाल तर सरळ सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही, गोड तेवढं पाठवतात. फक्त डबा रिकामा परत देऊ नका.

आंब्याचं गणित पण ऐका. हापूस इथल्या लोकांसाठी पैसा आहे, पेट्या भरून बाहेर जातो, घरात खायला रायवळ, म्हणजे साधा गावठी आंबा. एप्रिलमध्ये पहिली पेटी घेऊन स्टेटस टाकायचा मोह होतो, पण मे महिन्याच्या शेवटी घ्या, तोच आंबा निम्म्याच्या आसपास मिळतो. फणसाची कुयरी, अळू, टाकळा, भारंगी हे तर शेजारच्या काकूच देतात. रानभाजी मात्र रील बघून स्वतः तोडायला जाऊ नका, दिसायला सारख्या पण खाऊ नयेत अशा वनस्पती असतात, ओळखणारं माणूस सोबत पाहिजे.

आणि गंमत बघा, नाचणीची भाकरी म्हणजे गरिबी असं म्हणणाऱ्यांचीच नातवंडं आता नाचणीची बिस्किटं घेतात, 2023 हे युनोचं भरडधान्य वर्ष होतं तेव्हापासून तर जास्तच. नाचणी गावातून थेट घ्या, पाकिटातली महाग पडते.

राहिला आपल्या ज्वारीचा प्रश्न. इथे भाकरी तांदळाची, वाटणात शेंगदाण्याच्या कुटाऐवजी ओलं खोबरं, आणि पहिले दोन-तीन महिने पोट भरल्यासारखं वाटतच नाही. ज्वारी मिळते पण महाग, म्हणून गावाहून येताना पोतं आणा, जून लागायच्या आत हवाबंद डब्यात भरा नाहीतर दमट हवेनं जाळी धरते, आणि गिरणीत तांदळाच्या पाठोपाठ दळू नका, भाकरी थापताना चिरते, गिरणीवाल्याला सांगितलं की तो ज्वारीचा वेगळा वार देतो.