बेल्ट घरी बदला, एक्झॉस्टला जरा थांबा

स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीला, नवा एक्झॉस्ट बसवायची मलाही घाई झाली होती. महिन्याभरात इंजिन बिघडलं आणि वॉरंटीचं नाव काढताच पहिला प्रश्न आला, 'मूळ एक्झॉस्ट कुठाय?' तो मी भंगारात दिलेला! आता काढलेला प्रत्येक पार्ट जपतो, पावत्यांसकट.

ड्राइव्ह बेल्ट (इंजिनची ताकद पुढे पोचवणारा रबरी पट्टा) मात्र घरीच बदला. इंजिन बंद, किल्ली खिशात, क्लच गार. बेल्ट फाटला असेल तर त्याचे धागे शाफ्टभोवती गुंडाळलेले असतात. चिमट्याने एकूण एक काढा, नाहीतर शाफ्टचं सील खराब होतं. पुली स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसा, तेलकट बोट लावू नका. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला हवा. पहिले 50 किलोमीटर गाडी दामटू नका. काढलेला जुना बेल्ट धड असेल तर स्पेअर म्हणून गाडीवरच राहू द्या.