मॅडम, साहेब कोठे शेतस?

जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्या आठवड्यात जो येईल तो मलाच विचारायचा, "ताई, साहेब कोठे शेतस?" म्हणजे कुठे आहेत. आधी राग यायचा. मग कळलं, "मीच, बोला" एवढं पुरतं.

खरी अडचण आत होती. एक जुना फिटर माझ्याकडे बघून उत्तरच द्यायचा नाही. एक्स्ट्रूडरचं, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या मशीनचं, तापमान का उतरलं, असं मी विचारलं की तो शेजारच्या ट्रेनी पोराला म्हणायचा, "मॅडमले सांग, हीटर गया." पोरगं बिचारं दुभाष्या! मी वाद घातला नाही. शिफ्ट बदलताना त्याचं काम लॉगबुकात लिहायचं, खाली माझी सही, काम झालं की त्याची. आणि हो, हीटर बँड बदलायला मी त्याच्याच हाताखाली शिकले. माझ्या मते सहीपेक्षा त्या शिकण्याचाच उपयोग जास्त झाला.

बाहेरच्या देशांत सगळं आलबेल असेल, असं वाटायचं. मशीन बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर माझ्याशी तोंडावर भांडायचा, आणि तो मला मान वाटायचा. पण त्याच्याच भाषेत लहान मूल घरी ठेवून नोकरी करणाऱ्या आईला 'राबेनमुटर' म्हणतात, म्हणजे डोमकावळीण. जपानी ऑफिसांत बायकांनी चहा द्यायच्या प्रथेला 'ओचाकुमी' असा खास शब्दच आहे. समान संधीचा कायदा तिथे १९८६ पासून लागू आहे, तरी. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळावर ४० टक्के बायका सक्तीच्या केल्या. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक कंपन्यांना निदान एक. ती एक पुष्कळदा मालकांच्या घरचीच!

नव्याने रुजू होणाऱ्या मैत्रिणींनो, चहाचा थर्मास आला की आपल्याकडेही नजरा तुमच्याकडेच वळतील. मी तो बाजूच्या माणसाकडे सरकवते आणि बोलणं चालू ठेवते. पहिल्या दिवशी ओतलात, तर कायम ओताल. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, आणि तिची अध्यक्ष महिलाच. रुजू होतानाच तिचं नाव विचारून घ्या.

आमच्या जिल्ह्याने १९६२ मध्ये प्रतिभाताई पाटलांना आमदार केलं, पुढे त्या राष्ट्रपती झाल्या. हे इथे कुणीही छाती फुगवून सांगेल. पण गेटपासवर माझी सही बघितली की नवा ट्रक ड्रायव्हर अजूनही खात्रीसाठी साहेबांना फोन लावतो. साहेब त्याला माझाच नंबर देतात.