‘काका, पटकन काढून द्या!’ – कॉलेजच्या मुलांनो, या चुका टाळा

बडोद्याच्या फतेहगंजात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. १७ वर्षं झाली. आधी युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाची गर्दी, मग शिष्यवृत्तीचे फॉर्म, मग परीक्षेचे. आर्ट्स, कॉमर्स, टेक्नो, सगळ्या फॅकल्टींची मुलं काउंटरवर येतात आणि आल्या आल्या बहुतेकांचं वाक्य एकच असतं, ‘काका, पटकन काढून द्या, लेक्चर आहे.’ त्या ‘पटकन’पायी काय काय हातातून सुटतं ते मी रोज पाहतो. हॅकर ही फार पुढची गोष्ट आहे. आपली माहिती आपणच घाईघाईत दुसऱ्याच्या हातात ठेवून येतो.

व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडं टाकून जाणं

मला सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक हीच. फाइल फोनमध्ये असते, प्रिंट हवी असते. मुलं दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतात, कोड स्कॅन करतात, प्रिंट घेतात, पैसे देतात आणि निघून जातात. लॉगआउट करायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. रात्री शटर ओढायच्या आधी मी तिन्ही कॉम्प्युटर तपासतो. प्रवेशाच्या दिवसांत एकही रात्र अशी जात नाही की कुणाचं ना कुणाचं व्हॉट्सॲप उघडं सापडत नाही. आईचे मेसेज, मैत्रिणींचे फोटो, पासबुकाचं पहिलं पान, सगळं समोर. मी न वाचता बंद करतो. पण प्रत्येक दुकानात तसंच होईल याची खात्री कोण देणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सेकंड इयरची एक मुलगी, जळगावकडची, रडत दुकानात आली. ती प्रॅक्टिकलला होती, फोन बॅगेत होता. त्या दीड तासात तिच्या नंबरवरून तिच्या आत्याला मेसेज गेला होता, ‘आत्या, माझं यूपीआय बंद पडलंय. हॉस्टेलची फी आजच भरायची आहे. मैत्रिणीच्या या नंबरवर ८ हजार टाक ना, संध्याकाळी परत करते.’ आत्याने टाकले. पुन्हा ५ हजार मागितले, तेही टाकले. भाषा तिचीच वाटावी अशी होती, कारण लिहिणाऱ्याने आधीचं चॅट वाचलेलं होतं. आत्याला ती ‘ना’ लावून बोलते हेसुद्धा त्याने उचललं होतं.

मुलगी म्हणाली, ‘काका, फोन हॅक झालाय, फॉरमॅट मारून द्या.’ मी म्हटलं, थांब बाळा, आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघड, व्हॉट्सॲप कुठे कुठे जोडलंय ती यादी. तिथे दोन नोंदी होत्या. एक तिचा लॅपटॉप. दुसरी क्रोम, विंडोज, आणि खाली शेवटची वेळ त्याच दिवशीची, सकाळी ११.४२. तिला आठवलं, ३ आठवड्यांपूर्वी एका दुकानात असाइनमेंटची प्रिंट काढली होती. ते दुकानदाराने केलं असं मी म्हणत नाही. त्या खुर्चीवर दिवसभरात किती जण बसून जातात! फॉरमॅट मारला असता तर पुरावाही गेला असता.

आम्ही दुकानातूनच आत्याला फोन लावला आणि १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार करायला सांगितलं. ५ हजार पुढे सरकायच्या आत अडवले गेले. ८ हजार गेले ते गेले.

हे नीट समजून घ्या. एकदा जोडलेला कॉम्प्युटर तुमचा फोन बंद असला तरी चालतो. तुम्ही १४ दिवस फोनवर व्हॉट्सॲप उघडलंच नाही तरच तो आपोआप सुटतो, आणि तुम्ही तर १४ मिनिटं राहत नाही. सहा आकडी पिन, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, जरूर लावा. पण तो पिन तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चढवणाऱ्याला अडवतो, आधीच जोडलेल्या कॉम्प्युटरला नाही. म्हणून रात्री झोपताना अलार्म लावता तेव्हाच ‘लिंक्ड डिव्हाइसेस’वर एक नजर टाकायची. मी रोज टाकतो. आणि प्रिंटसाठी एक स्वस्तातला पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त प्रिंटच्या फाइल, दुसरं काही नाही. फाइल दुकानाच्या नंबरवर पाठवलीच, तर प्रिंट हातात आल्यावर ती डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधून उडवेपर्यंत काउंटरवरून हलू नका. तुम्ही सांगितलंत तर चांगला दुकानदार रागावत नाही.

आधारची प्रत वाटत सुटणं

पीजीवाला मागतो, द्या. जिमवाला मागतो, द्या. सिमवाल्याला दोन प्रती द्या, एक खराब आली म्हणून. खराब आलेली प्रत कुठे जाते? रद्दीत. मी स्वतः कमाटीबागेबाहेर शेंगदाणे घेतले होते, पुडी उलगडली तर आत कुणाची तरी बारावीची मार्कशीट, नाव, सीट नंबर, सगळं ठळक. त्या दिवसापासून माझ्या दुकानातली खराब प्रत रद्दीत जात नाही. फाडून बादलीत पाण्यात भिजवतो, दुसऱ्या दिवशी लगदा होतो. मुलांना ते बघून नवल वाटतं, पण माझी सवय मोडणार नाही.

काउंटरला दोऱ्याने निळं बॉलपेन बांधलंय ते सहीसाठी नाही. आधारच्या प्रतीवर तिरकं लिहा, ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख, आणि अक्षरं फोटोवरून थोडी जाऊ द्या. दहा सेकंदांचं काम आहे. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात आणि ते आधारच्याच वेबसाइटवरून उतरवता येतं. बोटांचे ठसे आधारच्याच ॲपमधून लॉक करता येतात. मी माझे आणि आमच्या हिचेही लॉक करून ठेवलेत, लागतील तेव्हा उघडायचे.

आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून ती सुरक्षित आहे, हा समज काढून टाका. तो पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. तुमच्या इन्स्टाग्रामवर नाव आहे, वाढदिवसाचा केकही आहे. मग राहिलं काय?

अशा प्रतीवर दुसऱ्या कुणी सिम काढलंय का, तेही बघा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. बहुतेक राज्यांत एका माणसाला जास्तीत जास्त ९ घेता येतात. तुमच्याकडे एक असून तिथे चार दिसली, तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ असं नोंदवा.

बँक खातं ‘वापरायला’ देणं

हे लिहिताना मला त्या मुलाच्या वडिलांचा चेहरा आठवतो.

फर्स्ट इयरचा मुलगा, चांगला, अबोल. मित्राच्या मित्राने सांगितलं, गेमिंग कंपनीला पैसे फिरवायला खाती लागतात, महिन्याला ३ हजार मिळतील, तुला काहीच करायचं नाही. याने पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम देऊन टाकलं. पहिल्या महिन्याचे ३ हजार मिळाले, बूट घेतले. दुसऱ्या महिन्यात खातं फ्रीज. त्यात शिष्यवृत्ती यायची होती, तीही अडकली. मग दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी आली.

ती नोटीस घेऊन वडील माझ्याकडे झेरॉक्सला आले होते. चार प्रती काढल्या. हात इतके थरथरत होते की पानं काचेवर मीच नीट ठेवली. त्या खात्यातून कुणातरी म्हाताऱ्या माणसाचे फसवून घेतलेले पैसे पुढे गेले होते. वडिलांनी विचारलं, ‘भाऊ, माझ्या पोराने काय चोरलं हो?’ त्याने काही चोरलं नव्हतं, पण चोरीचा माल त्याच्या दारातून गेला होता, आणि पोलीस आधी त्याच दारात येतात. रजा टाकून, रेल्वेने, दोनदा जबाब द्यायला जावं लागलं. वकिलाचा खर्च वेगळा.

अशा खात्याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात, आणि कॉलेजच्या मुलांना बरोबर हेरतात, कारण खातं नवं असतं आणि खिसा रिकामा. पैसे कमवायचे असतील तर शिकवण्या घ्या, माझ्याकडे टायपिंगला या. घरबसल्या, काही न करता पैसे देणारा माणूस तुमच्याकडून काहीतरी घेतोच. माझं मत कडक आहे आणि ते मी बदलणार नाही: पासबुक, कार्ड आणि सिम या तीन वस्तू सख्ख्या भावालाही वापरायला द्यायच्या नाहीत.

असंच काही घडून गेलं असेल तर लपवू नका. आजच बँकेत जाऊन खातं बंद करायचा अर्ज द्या, त्या माणसाशी झालेलं चॅट सांभाळून ठेवा आणि घरी सांगा.

बाकीच्या, थोडक्यात

पैसे *मिळवायला* यूपीआय पिन लागत नाही. जुनं पुस्तक, सायकल, गरब्याचा पास विकताना समोरचा ‘पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील’ म्हणाला की फोन ठेवा.

नवरात्रीचे पास अनोळखी इन्स्टाग्राम खात्यावरून, आधी पैसे टाकून घेऊ नका. दरवर्षी कुणीतरी गेटवरून परत येतं.

लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलान ‘एपीके’, म्हणजे ॲप चढवणारी, फाइल म्हणून आलं तर उघडू नका. पत्रिका फोनमध्ये इन्स्टॉल करावी लागत नाही.

घरचं जुनं सिम रिचार्ज न करता पडू देता, आणि बँक, जीमेल मात्र त्याच नंबरवर असतात. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. मग तुमचा ओटीपी त्याच्या फोनवर. नवं सिम घेतलं की पहिल्या आठवड्यात सगळीकडे नंबर बदला.

सगळीकडे एकच पासवर्ड नको. मी चार मराठी शब्द जोडून लांब पासवर्ड करतो आणि घरच्या कपाटातल्या वहीत लिहून ठेवतो. वही इंटरनेटवर नाही. निदान ई-मेलचा पासवर्ड तरी वेगळा हवाच, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच दारातून बदलता येतात.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवरच केलेली ‘अटक’, अशी गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश दिसला तरी कॉल कापा.

इंटर्नशिपसाठी रजिस्ट्रेशन फी मागितली, तर ती इंटर्नशिप नाही.

फसल्यावर गप्प बसणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. मुलं दोन-दोन दिवस विचार करत बसतात, आई काय म्हणेल, बाबा काय म्हणतील. तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जाऊन एटीएममधून निघालेले असतात. आधी १९३० लावा, लगेच बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम असा: चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तो तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेच्या माथी. म्हणजे दोन्हीकडून वेळच महत्त्वाची.

कुणी फोटोवरून धमकावत असेल तरी हेच. पैसे देऊ नका, एकदा दिले की पुन्हा मागतो. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. परवानगीशिवाय खासगी फोटो पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर अशा प्रकारांत मुलींना नाव न देताही तक्रार करता येते. फोटो काढला तेव्हा १८ वर्षं पूर्ण असतील तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या साइटचाही उपयोग होतो. फोटो कुठेही चढवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून अडवतात.

माझ्या दुकानात कोपऱ्यातला कॉम्प्युटर भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, मागून कुणाला दिसत नाही. तिथे बसून तक्रार नोंदवायची असेल तर मी पैसे घेत नाही. येताना व्यवहाराचा क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट, समोरच्याचा नंबर आणि स्क्रीनशॉट एवढं घेऊन या. पेन ड्राइव्हमध्ये.