परक्या शिंपल्याला वाट मिळू नये म्हणून: होडी वर काढतानाची तयारी

1 जूनला मासेमारीबंदी लागली की होड्या वर येतात आणि शाकारून ठेवल्या जातात. होडीच्या बुडाला चिकटून येणारे परक्या समुद्रातले जीव आपल्या खाड्यांत पसरू द्यायचे नसतील तर वर्षातली खरी संधी हीच, कारण होडीचं बूड एरवी एवढा वेळ कधी कोरडं नसतं. पुढची तयारी मे संपायच्या आत करून ठेवा.

सगळ्यात आधी, होडी वर्षभरात कुठे कुठे उभी होती ते तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारून लिहून काढा. रत्नागिरीजवळच्या मिरकरवाडा बंदराची होडी मिरकरवाड्यातच राहिली असेल तर धोका कमी. ती मुंबई बंदरात आठवडेच्या आठवडे नांगरलेली असेल, किंवा दुसऱ्या राज्यातून जुनी होडी विकत आणली असेल, तर तिची तपासणी पहिली. मुंबईचं नाव घ्यायला कारण आहे. मूळचा कॅरिबियन समुद्राकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला 1967 मध्ये विशाखापट्टणमला आढळला, पुढे मुंबई बंदरातही. पातळ कवचाचा, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा जीव. पण धाग्यांनी चिकटून एकावर एक थर चढवतो आणि जन्मल्यापासून महिनाभरात पुढची पिढी सोडायला लागतो.

हाच शिंपला मार्च 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरीनांत, म्हणजे होड्या उभ्या करायच्या बंदिस्त गोद्यांत, सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो तिथे नव्हता. डार्विनला भरती-ओहोटीतला फरक फार मोठा, म्हणून तिथल्या मरीनांना दरवाजे आहेत. ते बंद करून आत क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. शिंपल्यांबरोबर आतलं बाकीचं जीवनही मेलं, 20 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च झाला, पण शिंपला गेला. आपल्या खाड्यांना दरवाजे नाहीत. इथे तो एकदा बसला की काढायचा उपाय कोणाकडेच नाही, म्हणून माझा सगळा भर होडीच्या बुडावर आहे.

खरवडायला पत्रे, ताठ ब्रश आणि खाली अंथरायला जुनी ताडपत्री आणून ठेवा. होडी पाण्यात असताना बूड घासू नका; स्पंजसारखे काही जीव तुटलेल्या तुकड्यातूनही वाढतात. भरतीची रेघ जिथवर येते त्याच्या वर होडी घ्या आणि निघालेली सगळी घाण ताडपत्रीत गोळा करून लांब खड्ड्यात पुरा. ओहोटीला किनाऱ्यावर टाकलेला ढीग पुढच्या भरतीला पाण्यात जातो, हे आपण रोज बघतो. सपाट भाग सगळेच घासतात, राहतात त्या खाचा: पंख्याचा दांडा, सुकाणूच्या बिजागऱ्या, इंजिन थंड करायला पाणी खेचतात तिथली जाळी. आणि होडी ज्या ठोकळ्यांवर टेकलेली असते ती जागा. तिथे ना ब्रश पोचतो ना रंग, त्यामुळे पुढच्या मोसमात पहिला थर तिथेच धरतो. मधे एकदा ठोकळे सरकवून तेवढा भाग घासायचा आणि रंगवायचा.

गोड्या पाण्याने धुतलं की झालं, असं समजू नका. हा शिंपला पावसाळ्यातल्या खाडीचं जवळजवळ गोडं पाणीही सोसतो. त्याला मारतं ते ऊन आणि कोरडेपण. जाळी, दोर, नांगराची साखळी ढीग करून ठेवली तर आतला ओलावा टिकतो आणि मिटलेला शिंपला त्यात बरेच दिवस जगतो. म्हणून मे महिन्याच्या उन्हात सगळं पसरून, उलटून वाळवा. होडीच्या तळात साठलेलं पाणी खाडीत न उपसता वर जमिनीवर ओता. मालवणकडे स्कूबाचा धंदा करणाऱ्यांनी पाणबुड्याच्या हवा भरायच्या जॅकेटच्या आत राहिलेलं पाणीही आठवणीने काढावं.

शिनाणे (हिरवे शिंपले) किंवा कालवांची शेती करणाऱ्या बचत गटांनी बीज शक्यतो आपल्याच खाडीतलं वापरावं. बाहेरून आणलंच तर दोरीवरचा प्रत्येक घोस हातात घेऊन बघा. केरळात अष्टमुडी कायल या खारट पाण्याच्या सरोवरात दक्षिण अमेरिकेकडचा चारू शिंपला शिरला आहे. तिसऱ्यांच्या ज्या मासेमारीला 2014 मध्ये एमएससीचं, म्हणजे साठा टिकवून केलेल्या मासेमारीला मिळणारं, प्रमाणपत्र मिळालं, ती तिथलीच.

मोठ्या जहाजांच्या तोलपाण्यावर (तोल सांभाळायला टाक्यांत भरलेल्या पाण्यावर) 8 सप्टेंबर 2017 पासून आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. बुडाला चिकटून येणाऱ्या जीवांबद्दल मात्र आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2011 च्या आणि 2023 मध्ये सुधारलेल्या सूचना आहेत, त्याही ऐच्छिक. छोट्या होडीला तर विचारणारं कोणी नाही; आपलं आपणच बघायचं.

अनोळखी काही दिसलं तर लगेच ठेचू नका, आपल्याकडच्या जातीही पुष्कळदा ओळखू येत नाहीत. शेजारी नाणं ठेवून आतून-बाहेरून फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, दोन-चार नग स्पिरिटच्या बाटलीत घाला आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जवळच्या कार्यालयात द्या. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेलाही कळवता येईल. ओळख पटेपर्यंत ती होडी पाण्यात उतरवू नका.