क्षयरोगाची शंका असताना सीबीसी अहवाल कसा वाचावा

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन अशा तक्रारी असल्यास डॉक्टर छातीच्या एक्स-रेबरोबर रक्तपेशींची मोजणी, म्हणजे सीबीसी, करायला सांगतात. या अहवालाने क्षयरोग सिद्धही होत नाही आणि खोडूनही निघत नाही, हे तो हाती घेण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे.

सर्वप्रथम हिमोग्लोबिन पाहावे. क्षयरोगात ते बऱ्याचदा कमी असते. पण तांबड्या पेशींचा सरासरी आकार दाखवणारा एमसीव्ही हा आकडा अनेकदा ८० ते १०० फेम्टोलिटर या नेहमीच्या मर्यादेतच राहतो. दीर्घकाळच्या दाहामुळे यकृतातून हेप्सिडिन हे लोहाचे नियंत्रण करणारे संप्रेरक अधिक स्रवते, लोह साठ्यातच अडकून पडते आणि अस्थिमज्जेला ते पुरेसे मिळत नाही, म्हणून हा पांडुरोग उद्भवतो. अशा वेळी लोहाचा साठा दाखवणारा फेरिटिनचा आकडा दाहामुळेच वाढलेला असू शकतो. त्यामुळे केवळ हिमोग्लोबिन पाहून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

पांढऱ्या पेशींची एकूण संख्या पुष्कळ रुग्णांत सामान्य असते आणि ती पाहून निर्धास्त होण्याची चूक सर्रास होते. खरी माहिती लिम्फोसाइट, मोनोसाइट अशा त्यांच्या प्रकारांत असते, आणि तीही टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष संख्येत. समजा, एकूण पेशी ८,००० आहेत, लिम्फोसाइट १५ टक्के आणि मोनोसाइट १० टक्के आहेत. म्हणजे अनुक्रमे १,२०० आणि ८०० पेशी झाल्या, व मोनोसाइटचे लिम्फोसाइटशी प्रमाण सुमारे ०.६७ आले. लिम्फोसाइट ३० टक्के व मोनोसाइट ६ टक्के असते, तर हेच प्रमाण ०.२ आले असते. सक्रिय क्षयरोगात हे प्रमाण वाढलेले आढळते. मात्र इतर संसर्गांतही ते वाढते, आणि निदानासाठी सर्वमान्य अशी एकच सीमारेषा नाही.

प्लेटलेट दाहामुळे अनेकदा साडेचार लाखांच्या वर जातात. याउलट तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकाच वेळी घटलेल्या असतील, तर शरीरभर पसरलेला क्षयरोग किंवा अस्थिमज्जेचा अन्य आजार असू शकतो. असा अहवाल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

फुप्फुसाच्या क्षयरोगाचे निदान पक्के करण्यासाठी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅटसारखी जनुकीय चाचणी आणि कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, लागते. रक्तातील प्रतिपिंड मोजून सक्रिय क्षयरोग ठरवणाऱ्या चाचण्या वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच स्पष्ट सांगितले आहे.

उपचार सुरू होण्यापूर्वीचा सीबीसी अहवाल मात्र जपून ठेवावा. औषधे लागू पडली की हे आकडे साधारणपणे हळूहळू पूर्ववत होऊ लागतात. तसे न होता रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचे औषध चालू असताना प्लेटलेट अचानक घसरल्या किंवा लिनेझोलिड हे दुसरे औषध चालू असताना हिमोग्लोबिन उतरू लागले, तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता दोन्ही अहवाल घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.