ताक बाधतं म्हणता? आधी या चुका टाळा

'आम्हाला ताक सोसत नाही, घसा धरतो' असं कुणी म्हणालं की मी आधी त्यांच्या घरचं दही चाखून बघते. खोट बहुतेक वेळा तिथेच सापडते.

मे महिन्यात विदर्भात पारा सहज ४०च्या वर जातो. अशा दिवसांत रात्री लावलेलं विरजण पहाटेच लागतं आणि सकाळी झाकण उघडेपर्यंत आंबून जातं. विरजणातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोजचं आम्ल करत राहतात, ऊब आहे तोवर त्यांचं काम चालूच. म्हणून उन्हाळ्यात विरजण अगदी थोडं घ्यायचं, दूध पार निवू द्यायचं आणि दही लागलं की तडक फ्रिजमध्ये ठेवायचं. उलट, नीट न लागलेल्या अधमुऱ्या दह्यात लॅक्टोज जास्त उरतं. दुधाने ज्यांना गुबारा धरतो, त्यांना असं ताकही त्रास देतं.

ताक आंबट झालंच, तर साखर घालून ते झाकू नका. भांडं तासभर न हलवता ठेवा, वरची निवळ काढा आणि तेवढंच गार पाणी घाला. निवळ मात्र मोरीत ओतायची नाही! तिच्यात कॅल्शियम आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. कढीत किंवा आंबोळीच्या पिठात ती छान खपते.

दह्यात पाणी घालून मिक्सर फिरवला की झालं ताक, ही दुसरी चूक. ते पातळ केलेलं दही, सगळी साय पोटात घेऊन बसलेलं. लोणी निघालं की ताक हलकं होतं, स्निग्धांश जातो, प्रथिनं आणि कॅल्शियम मागे राहतं. लोणी येत नसेल तर उन्हाळ्यात बर्फाचे खडे टाका, थंडीत थोडं कोमट पाणी. रवी असो की मिक्सर, लोण्याला हवं ते बेताचं तापमान.

मीठ चिमूटभर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. रक्तदाब असलेल्यांनी लग्नातल्या जिलबीसोबतचा मठ्ठा वाट्यांवर वाट्या रिचवताना हे आठवावं. विकतच्या ताकाच्या पिशवीवरचा सोडियमचा आकडाही वाचून बघा.

कढी चविष्ट असते, पण उकळीत जिवाणू मरतात. ते हवे असतील तर ताजं ताकच प्या.

जुलाब लागले की नुसतं ताक पाजत बसणं धोक्याचं. शरीरातलं पाणी भरून काढायला साखर आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात लागतं, त्यामुळे जलसंजीवनी आधी. तसंच टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी 'उष्ण पडते' म्हणून ताकाबरोबर घेऊ नका. ताकातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि गोळी पुरती लागू पडत नाही. किती अंतर ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारा.

आणि भांडं. आजीच्या पितळी गंजाची कल्हई उडाली असेल, तर त्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आम्लाने तांबं सुटतं, चव तुरट-कडवट होते आणि प्यायल्यावर मळमळतं. असं ताक सरळ ओतून द्या. कल्हई होईपर्यंत स्टीलचं पातेलं किंवा चिनी मातीची बरणी बरी.